यकृत बायोप्सी

यकृतातील ऊतीचा बारीक तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी. मुंबईच्या रुग्णालयांत नातेवाईक हिला नुसते ‘तुकडा काढणे’ म्हणतात. तुकडा म्हटला की कॅन्सर, ही धास्तीही त्यामागून येतेच. ती दरवेळी खरी नसते. पॉल एर्लिख यांनी १८८३ मध्ये यकृतात सुई घातली ती ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात साठवलेली साखर, पाहण्यासाठी. १९५८ मध्ये इटलीच्या मेंघिनींनी सुई यकृतात जेमतेम सेकंदभर राहील अशी रीत मांडली आणि तपासणी सर्रास होऊ लागली.

आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहतात. रुग्णाला उताणे निजवून, उजवा हात डोक्यामागे घेऊन, सोनोग्राफीने जागा हेरतात आणि दोन बरगड्यांमधला भाग बधिर करतात. ‘श्वास सोडा, आता रोखा’ म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही येते. फॉर्मालिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत पडतो तो शेवईचा तुकडा शोभेल असा, दीड-दोन सेंटिमीटरचा धागा. सबंध यकृताचा साधारण ५० हजारावा भाग. त्यामुळे कधी कधी सिऱ्होसिससुद्धा (यकृत व्रणांनी कडक होणे) हुकतो. नंतर काही तास पडून राहायचे. सुई बरगड्यांमध्ये टोचली आणि दुखतो उजवा खांदा, याचे रुग्णांना नवल वाटते. श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची, कळ तिथे उमटते. खरा धोका रक्तस्रावाचा. पोटात पाणी झाले असेल किंवा रक्त नीट गोठत नसेल, तर मानेच्या शिरेतून यकृत गाठतात.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तावरून कळतात, फायब्रोसिसचा (यकृतातल्या व्रणांचा) अंदाज फायब्रोस्कॅन हे यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारे यंत्र देते. सुईची गरज त्यामुळे कमी झाली आहे. ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार), प्रत्यारोपित यकृत शरीर नाकारत असल्याची शंका, चरबीबरोबर दाहही आहे का, अशा ठिकाणी मात्र तुकड्याला अजून तोड नाही.

तरी इजेचे कारण सांगायला तुकडा एकटा पुरत नाही. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या, यकृताला इजा झालेल्या सहा जणांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. बायोप्सीतले चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखे होते. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवरचा ठपका अमान्य केला. पूर्वी लहान मुलांच्या एका जीवघेण्या सिऱ्होसिसमध्ये यकृतपेशी तांब्याने भरलेल्या दिसत. त्याचा माग पुण्यातल्या संशोधकांना बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधापर्यंत लागला. तांबे काचपट्टीवर दिसले होते, भांडे मात्र घरी चौकशी केल्यावरच सापडले.