काळा पडलेला साग सडलेला नसतो

गिरगाव-काळबादेवीकडच्या चाळींची दुरुस्ती निघाली की हमखास ऐकू येतं : 'लाकूड काळं पडलंय, म्हणजे आतून गेलंय. घासायचं मशीन मारा, नाहीतर ऑइलपेंट फासा.' दोन्ही चूक.

तो काळेपणा बहुतेक वेळा लाकडाचा नसतोच. जुन्या कठड्यांवर, दारांवर अनेकदा चपडीचं पॉलिश असे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. त्यावर वर्षानुवर्षं धूळ, तेलकट हात, उदबत्तीचा धूर बसतो. खात्री करायची तर पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यात हळूच फिरवा. (जवळ दिवा, विडी नको.) बोळा तपकिरी झाला, पृष्ठभाग चिकट लागला, तर समजा लाख सुटतेय. खाली बहुधा मधाच्या रंगाचा साग दिसेल. काहीच सुटलं नाही, तर वर दुसरा लेप असेल.

सडलंय का, हे रंग नाही, टोचा (अणकुचीदार हत्यार) सांगतो. खांबाचा पाया, गॅलरीची तुळई, पन्हाळीखालची जागा टोचून पाहा. टोचा लोण्यासारखा आत गेला तर काळजी करा, आणि तेवढाच भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधा.

मशीनचा राग मला जास्त. कोरीव पाकळीची कड एकदा घासली गेली की परत येत नाही. ऑइलपेंट निदान काढता तरी येतो, पण आधीच ओलं असलेलं लाकूड त्याखाली कोंडतं आणि सडणं चालूच राहतं, फक्त दिसत नाही.