उन्मळलेल्या व अडकलेल्या झाडांची तोड

वादळाने मुळासकट उन्मळलेले, मोडून लोंबकळणारे किंवा पडताना शेजारच्या झाडात अडकून तिरपे राहिलेले झाड चेन सॉने सुरक्षितपणे उतरवण्याच्या पद्धती व त्यांविषयीचे मतभेद. उभे झाड पाडताना पडण्याच्या बाजूची खाच आणि मागचा काप यांमध्ये राखलेली लाकडाची बिजागरी पडण्याची दिशा सांभाळते. उन्मळलेल्या झाडात मात्र खोडाची एक बाजू ताणलेली व दुसरी दाबलेली असते, आणि हा ताण किती आहे याचा अंदाज बाहेरून पुरता येत नाही.

या विषयाकडे नियमकर्त्यांचे लक्ष मुख्यतः मोठ्या वादळांनंतर गेल्याचे दिसते. 8-9 जानेवारी 2005 रोजी दक्षिण स्वीडनमध्ये आलेल्या गुद्रुन वादळात सुमारे 7.5 कोटी घनमीटर लाकूड आडवे झाले. हे प्रमाण त्या देशातील जवळजवळ वर्षभराच्या तोडीइतके होते. त्यानंतरच्या सफाईच्या कामातही माणसे दगावली.

वादाचा एक मोठा भाग बारचे, म्हणजे ज्याभोवती साखळी फिरते त्या पट्टीचे, टोक खोडात खुपसून आतून कापण्याच्या पद्धतीविषयी आहे. उत्तर अमेरिकेत ही पद्धत, सुमारे 70 अंश किंवा त्याहून रुंद तोंडाच्या खाचेसह, स्वीडिश लाकूडतोड्या सोरेन एरिक्सन याच्या प्रशिक्षणातून रुजली असे सर्वसाधारणपणे मानतात. तिचे मूळ एकाच व्यक्तीकडे नेणे मात्र धाडसाचे ठरेल. पुढे झुकलेले झाड मागून कापताना उभे चिरते व त्याचा मागचा भाग तोडणाऱ्यावर उसळतो, ही अडचण जुनीच आहे. एका माणसाला पेलतील अशा करवती दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आल्यावर तिच्यावरचा हा उपाय एकाहून अधिक ठिकाणी सुचला असणे संभवते. एरिक्सनने त्याला शिकवण्याजोगी शिस्त दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उन्मळलेल्या खोडावरील रूढ पद्धतीत प्रथम दाबाच्या बाजूने उथळ काप घेतात आणि मग ताणाच्या बाजूने कापतात. पहिला काप घेताना त्याची फट मिटू लागली तर खोड दाबात आहे असे समजावे आणि बार अडकण्यापूर्वी करवत बाहेर काढावी. खोड आडवे वाकले असेल तर तोडणाऱ्याने आतल्या, म्हणजे दाबाच्या बाजूला उभे राहावे, कारण सुटलेले लाकूड बाहेरच्या बाजूला झेपावते. ताण फार असल्यास ताणाच्या बाजूने सरळ घेतलेल्या कापाने खोड लांबवर चिरते. अशा वेळी टोक खुपसून आतला भाग कापावा, ताणाच्या बाजूची एक पट्टी शेवटपर्यंत राखावी व ती बाहेरून सोडावी, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात. बारच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशाने लाकूड पकडले की करवत तोंडाकडे उसळते, म्हणून नवशिक्याला ही पद्धत देऊ नये, हा विरोधकांचा आक्षेप आहे. दोन्ही बाजूंच्या मनात वेगवेगळा तोडणारा असल्यामुळे हा वाद प्रत्यक्षात तंत्राइतकाच प्रशिक्षणाचाही आहे.

मुळांच्या गड्ड्याबाबत मतभेद कमी आहेत. खोड तोडताच उभा गड्डा खड्ड्यात परत बसू शकतो किंवा खोडाच्या बाजूला कोसळू शकतो. तो पुढे कलला असेल तर बुंध्याचा पुरेसा लांब तुकडा टेकूसारखा ठेवतात किंवा विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) गड्डा धरून ठेवतात. खड्ड्यात कोणी नाही ना, हे आधी पाहणे सर्वत्र बंधनकारक मानतात. अमेरिकेचा 1910.266 हा वृक्षतोड-कामगारांच्या सुरक्षेचा नियमही वाऱ्याने पडलेल्या झाडाचे तुकडे करण्यापूर्वी गड्डा, बुंधा किंवा ओंडका कामगाराला लागणार नाही याची तजवीज करायला सांगतो.

अडकलेल्या झाडाविषयी मात्र ब्रिटन व अमेरिका यांच्या भूमिका स्पष्टपणे वेगळ्या आहेत. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार अशा झाडाखाली काम करू नये, त्यावर चढू नये, आधार देणारे झाड तोडू नये, बुंध्याचे तुकडे कापत झाड खाली आणू नये आणि त्यावर दुसरे झाड पाडू नये. तरफेने ते फिरवून सोडवावे किंवा विंचने बुंध्याकडून मागे ओढावे. अमेरिकी नियम धोक्याचे झाड, आणि त्यात अडकलेले झाडही येते, आधी हटवायला सांगतो. ते न हटवल्यास त्यावर खूण करून, कमी अंतर सुरक्षित असल्याचे कामगार नेमणाऱ्या मालकाने दाखवले नसेल तर, दोन झाडांच्या उंचीइतक्या अंतरात काम थांबवायला सांगतो. अनेक झाडे अर्धवट कापून एकावर एक पाडण्यास तो मनाई करतो. पण धोक्याच्या एका झाडावर दुसरे एकच झाड पाडणे या मनाई केलेल्या तोडीच्या व्याख्येतून वगळतो. या सवलतीचे समर्थक म्हणतात की तोडणारा अडकलेल्या झाडाखाली जात नाही. आक्षेप असा की दुसरे झाडही अडकले तर कोठे काय सुटेल हे सांगणे आणखी कठीण होते. बुंध्याचे तुकडे करण्याच्या प्रथेत प्रत्येक कापाबरोबर झाड अधिक उभे होत जाते आणि कोणत्याही दिशेला पडू शकते. त्यामुळे लहान झाडांपुरतीही ही सवय टिकवावी, याला सबळ आधार दिसत नाही.

चेन सॉ चालवणाऱ्यांच्या युरोपीय प्रमाणपत्र-व्यवस्थेत वादळग्रस्त झाडांसाठी ईसीएस 4 ही स्वतंत्र पातळी आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमध्ये आंबा-फणसाबरोबर माड व पोफळीही मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. त्यांच्या तंतुमय खोडात नेहमीच्या लाकडासारखी भरवशाची बिजागरी राहत नाही, त्यामुळे वरील नियम कोकणात अंशतःच लागू पडतात.