बेअरिंगवरून सीमारेषा आरेखन

बेअरिंगवरून सीमारेषा आरेखन : जमिनीच्या दस्तात किंवा मोजणी-नकाशावर मिळकतीच्या प्रत्येक बाजूची दिशा व लांबी ज्या क्रमाने नोंदलेली असते, त्याच क्रमाने ती संगणकीय आरेखन-प्रणालीत भरून हद्द काढण्याची पद्धत. तिचा प्रमुख वापर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत होतो. तेथील मूळ तेरा वसाहतींच्या प्रदेशात, तसेच केंटकी, टेनेसी व टेक्सस या राज्यांत जमिनीचे वर्णन आरंभबिंदूपासून बाजूबाजूने फिरत पुन्हा आरंभबिंदूवर येणाऱ्या नोंदींच्या मालिकेने करण्याची रीत आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशानंतर जेथे चौरस टाउनशिपांची आखणी झाली, तेथेही वेड्यावाकड्या तुकड्यांसाठी हीच रीत चालते.

या नोंदींत बेअरिंग, म्हणजे रेषेचा दिशाकोन, चतुर्थांश पद्धतीने दिलेला असतो : उत्तर किंवा दक्षिण दिशेपासून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे ० ते ९० अंश. ‘उत्तर ३०° पूर्व’ या रेषेकडे उलट टोकाकडून पाहिले तर ती ‘दक्षिण ३०° पश्चिम’ होते. कोनाचा आकडा बदलत नाही, दिशांची अक्षरे मात्र बदलतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने ० ते ३६० अंश मोजण्याची पूर्णवर्तुळ पद्धत रूढ आहे.

आरेखन-प्रणाली मात्र कोन भूमितीच्या पद्धतीने मोजतात. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमध्ये शून्य अंश पूर्वेला असतो आणि कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. त्यामुळे ‘उत्तर ३०° पूर्व’ ही रेषा तिच्या मूळ मांडणीत ६० अंशांची आणि ‘दक्षिण ६०° पूर्व’ ही ३३० अंशांची ठरते. हे रूपांतर हाताने करावे लागू नये म्हणून एककांच्या मांडणीत सर्वेक्षकीय कोनांचा पर्याय ठेवलेला आहे. ऑटोकॅडवर आधारलेल्या सिव्हिल थ्रीडी या प्रणालीत आधी चतुर्थांशाचा क्रमांक (ईशान्य १, आग्नेय २, नैर्ऋत्य ३, वायव्य ४) आणि मग अंश, कला व विकला एकत्र लिहिलेला आकडा भरतात. तेथे ४५.३०१५ म्हणजे ४५° ३०′ १५″. हाच आकडा दशांश अंश म्हणून वाचला गेला तर ४५° १८′ ०५″ होतो आणि २०० फुटांच्या रेषेचे टोक सुमारे ०.७ फूट सरकते. एवढी चूक पडद्यावर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक होय. दिशा व लांबीवरून बिंदूंचे निर्देशक काढणाऱ्या आज्ञावलींची परंपरा मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील चार्ल्स मिलर यांच्या ‘कोगो’पर्यंत नेली जाते, तिचा आरंभ साधारणपणे १९५० च्या दशकाच्या अखेरीस धरावा.

रेषेची लांबी गुणिले बेअरिंगची कोज्या (कोसाइन) हा उत्तर-दक्षिण घटक आणि लांबी गुणिले बेअरिंगची ज्या (साइन) हा पूर्व-पश्चिम घटक. बंद आकृतीत या दोन्ही घटकांची बेरीज शून्य यायला हवी. जी उरते ती मिटणीची चूक. उदाहरणादाखल चार बाजू घेऊ : उत्तर ३०° पूर्व २०० फूट, दक्षिण ६०° पूर्व १५० फूट, दक्षिण ३०° पश्चिम २०० फूट आणि उत्तर ६०° पश्चिम १४९.८० फूट. शेवटची रेषा आरंभबिंदूपासून ०.२० फूट अलीकडे थांबते, परिमिती ६९९.८० फूट असल्याने मिटणीच्या चुकीचे परिमितीशी प्रमाण १ : ३,४९९ येते. या चुकीची दिशा दुसऱ्या व चौथ्या बाजूंना समांतर आहे, त्यावरून दोष त्यांपैकी एकीच्या लांबीत असण्याचा संभव दिसतो. अशीच आणखी एक खूण आहे. रेषेची दोन्ही अक्षरे उलटी पडली तर मिटणीची चूक त्या रेषेला समांतर आणि तिच्या दुप्पट लांबीची येते. केवळ उत्तरेऐवजी दक्षिण लिहिले गेले तर ती निव्वळ उत्तर-दक्षिण येते. अनुभवी आरेखक चूक वाटून टाकण्यापूर्वी या खुणा तपासतो.

चूक वाटण्याच्या नियमांत सर्वांत प्रचलित असलेला कंपास नियम प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात दुरुस्ती देतो. त्याचे श्रेय सेलमचे गणितज्ञ नथॅनिएल बाउडिच यांना दिले जाते, परंतु त्याचा उगम एका बक्षिसाच्या प्रश्नात आहे. रॉबर्ट एड्रेन संपादित करीत असलेल्या ‘द ॲनालिस्ट’ या गणितविषयक नियतकालिकात रॉबर्ट पॅटरसन यांनी, कंपास व साखळीने मोजलेल्या पाच बाजूंच्या, पण न मिटणाऱ्या जमिनीचे सर्वांत संभाव्य क्षेत्रफळ विचारले होते. बाउडिच यांचे उत्तर बक्षिसपात्र ठरले. त्याच अंकात एड्रेन यांनी निरीक्षणातील चुकांच्या संभाव्यतेवर स्वतःचा लेख दिला आणि त्यात, पुढे गाउस यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला चुकांचा नियम मांडला. अंकावरील वर्ष १८०८ आहे; तो प्रत्यक्षात १८०९ मध्ये निघाला असावा, असेही एक मत आहे. गाउस यांचा ग्रंथ १८०९ चा असल्याने या मतभेदाला महत्त्व आले. लजांद्र यांनी लघुतम वर्गांची, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याची पद्धत १८०५ मध्येच प्रसिद्ध केली होती आणि तो ग्रंथ एड्रेन यांच्या संग्रहात असल्याचे पुढे आढळले. त्यामुळे पद्धतीचा शोध त्यांनी स्वतंत्रपणे लावला, हे म्हणणे आता तितकेसे टिकत नाही. चुकांच्या नियमाची त्यांची उपपत्ती मात्र स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आर्कजीआयएससारख्या प्रणालींत कंपास नियमाबरोबर ट्रान्झिट व क्रँडल हे नियमही निवडता येतात. वरील उदाहरणात दोष एकाच बाजूत असल्याचा संशय आहे, तेथे कंपास नियम तो चारही बाजूंत पसरवील आणि आकृती नीटनेटकी मिटूनही चुकीचीच राहील.

आकृती मिटली म्हणजे दस्तातील आकडे परस्परांशी सुसंगत आहेत, एवढेच सिद्ध होते. जमिनीवर हद्द कोठे आहे हे त्यातून कळत नाही. अमेरिकी न्यायालये वर्णनात विसंगती आढळल्यास सामान्यतः आधी नैसर्गिक व नंतर मानवनिर्मित खुणा, मग लगतच्या मिळकतींच्या हद्दी, त्यानंतर दिशा व लांबी आणि सर्वांत शेवटी क्षेत्रफळ असा अग्रक्रम लावतात. त्यामुळे मूळ नोंदीची रेषा आणि दुरुस्त केलेली रेषा वेगवेगळ्या लेयरवर ठेवणे हीच योग्य रीत होय.

बेअरिंगचा आधार कोणता, हेही पाहावे लागते. जुन्या दस्तांतील कोन बहुधा चुंबकीय उत्तरेपासूनचे असतात आणि चुंबकीय उत्तर कालांतराने सरकते. नव्या नकाशांत राज्य-समतल जाळ्याची, म्हणजे त्या राज्यासाठी ठरवलेल्या सपाट नकाशा-जाळ्याची उत्तर असते. म्हणून शेजारच्या दोन मिळकतींचे आकडे, एक समाईक रेषा जुळवून एकीची आकृती फिरवल्याशिवाय, एकत्र बसत नाहीत. लांबी गंटर साखळीत (६६ फूट, १०० कड्या) किंवा १६.५ फुटांच्या पोलमध्ये असू शकते, टेक्ससमध्ये ३३⅓ इंचांच्या ‘वारा’तही. अमेरिकी सर्वेक्षण फूट (१२००/३९३७ मीटर) २०२२ च्या अखेरीस अधिकृत वापरातून काढण्यात आला. तो आंतरराष्ट्रीय फुटापेक्षा दहा लाखांत केवळ दोन भागांनी मोठा आहे, पण दहा लाख फुटांच्या निर्देशकांत हा फरक २ फुटांचा होतो. वक्र बाजूंसाठी त्रिज्या, चापाची लांबी आणि जीवेचे बेअरिंग लागते.

महाराष्ट्रात ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यातून घडवलेल्या मुंबई मोजणीत शेताची नोंद शंकू (काटकोन आखण्याचे साधन) व साखळीने, मुख्य रेषा आणि तिच्यावरील लंब यांच्या लांब्यांतून होत असे. ही साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची असून एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट). जुन्या टिपणांवरून संगणकावर हद्द काढताना म्हणून बेअरिंगऐवजी लांब्यांच्या त्रिकोणांवर विसंबावे लागते. इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व उपग्रहाधारित रोव्हरने होणाऱ्या आजच्या मोजणीत बिंदूंचे निर्देशक थेट मिळतात आणि बेअरिंग त्यांवरून उलट काढता येते.