क्लॅरिनेट : माउथपीस आणि रीडची निवड

क्लॅरिनेट हे एकेरी रीडचे, म्हणजे एकाच पातळ पट्टीच्या थरथरीवर वाजणारे सुषिर वाद्य. माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या, सपाट बाजूवर रीड ठेवून ती लिगेचरच्या पट्ट्याने आवळतात. फुंकर घातली की रीडचे पातळ टोक थरथरते, टोकाजवळची फट उघडझाप करते आणि नाद उमटतो. म्हणून या दोन वस्तूंची निवड जोडीनेच करावी लागते. एका माउथपीसवर छान बोलणारी रीड दुसऱ्यावर नुसती फसफसते.

माउथपीसमध्ये दोन मापे महत्त्वाची. एक, टोकाची फट. दुसरे, टोकापासून रीड जिथे माउथपीसला टेकते तिथपर्यंतच्या वळणाची लांबी, म्हणजे फेसिंग. फट मोठी असेल तर मऊ रीड लागते, लहान असेल तर कठीण रीडही चालते. व्हँडोरेनच्या ५आरव्ही लायर या माउथपीसची फट १.०९ मिमी., तर त्याच कंपनीच्या बी४५ची १.१९५ मिमी. आहे. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, पण ओठांना तो लगेच जाणवतो. नवशिक्याने मध्यम किंवा त्याहून थोडी कमी फट घ्यावी. यामाहाचा ४सी त्यासाठी जगभर वापरला जातो. एबोनाइट (कडक रबर) की प्लॅस्टिक, या वादात फार पडू नये. आवाज घडतो तो मुख्यतः आतल्या आकारामुळे. जुने वाद्य मिळाले असेल तर माउथपीसचे टोक आणि दोन्ही कडा नखाने चाचपाव्यात. तिथे टवका उडालेला असेल तर कितीही चांगली रीड लावा, आवाज फाटतो. एबोनाइटचा माउथपीस गरम पाण्याने धुवू नये. तो हिरवट पडतो आणि वाकडाही होऊ शकतो.

रीड ‘अरुंडो डोनॅक्स’ या बोरूसारख्या उंच गवतापासून करतात. दक्षिण फ्रान्समधील व्हार भागातले पीक त्यासाठी नावाजलेले आहे. रीडवरचा आकडा, साधारण १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने चढतो. तो कठीणपणाचा आहे, जाडीचा नव्हे: एकाच प्रकारच्या सगळ्या रीड्स सारख्याच तासलेल्या असतात, वेगळा असतो तो तंतूंचा चिवटपणा. शिवाय एका कंपनीची अडीच दुसरीच्या अडीचएवढी नसते. सुरुवात २ किंवा २½ ने करावी. विद्यार्थी वरच्या नंबरवर यत्ता चढल्यासारखे चढू पाहतात. त्यात काही भूषण नाही. रीड फार कठीण असेल तर आवाजात हवा मिसळते आणि वादक ती दातांनी दाबू लागतो. फार मऊ असेल तर स्वर उतरतो आणि वरच्या पट्टीत आवाज बसतो.

घरी हार्मोनियम असेल तर एक सोपी पारख करता येते. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा फक्त माउथपीस आणि त्याखालचा बॅरल, म्हणजे आखूड नळीचा तुकडा, जोडून फुंकावे. वरच्या सप्तकातली काळी तीन यायला हवी. स्वर त्याखाली राहिला तर ओठ सैल आहेत किंवा रीड मऊ आहे. वर गेला तर वादक रीड चावतो आहे. नंबर बदलण्याआधी ही पारख करावी, कारण पुष्कळदा दोष ओठांचा निघतो.

रीड लावताना तिचे टोक माउथपीसच्या टोकाशी केसभराच्या फरकाने जुळवतात. वाजवण्याआधी ती मिनिटभर तोंडात ओली करतात. नवी रीड पहिले काही दिवस थोडाच वेळ वाजवावी, आणि एकाच वेळी तीन-चार रीड्स आलटून-पालटून वापराव्यात. कोरड्या हवेत टोक लहरीसारखे वळते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रीड नीट वाळत नाही आणि बुरशी धरते. म्हणून ती पुसून, सपाट तळाच्या डबीत ठेवावी. लेजेरसारख्या कृत्रिम रीड्सना हा त्रास नाही. मात्र एकीच्या किमतीत साध्या रीड्सचे अख्खे खोके येऊ शकते, त्यामुळे आपला नंबर ठरेपर्यंत साध्याच वापरणे परवडते.