भीमेचं पाणी कोणत्या समुद्राला मिळतं?

सोलापुरात किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीबद्दल बोलायला उभा राहिलो, की मी आधी विचारतो : आपला समुद्र कुठला? शाळकरी पोरं असोत की निवृत्त मंडळी, उत्तर ठरलेलं असतं. अरबी. कुणी गणपतीपुळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी अलिबागला. मग मी फळ्यावर भीमा काढतो. भीमाशंकरला उगम, उजनी, पंढरपूर, हत्तरसंग-कुडलला सीनेचा संगम, रायचूरजवळ कृष्णा आणि आंध्रात हंसलदीवीला बंगालचा उपसागर. आपल्या पन्हाळीतून गळणारं पाणी पूर्वेला जातं, हे कळलं की सभागृहात कुजबुज सुरू होते. व्याख्यान खरं तिथून सुरू होतं.

कृष्णेच्या मुखाजवळची सपाट, सुपीक जमीन समुद्राने नाही, नदीने घडवली. दख्खनच्या काळ्या मातीचा गाळ हजारो वर्षं तिथे साचत गेला. त्या चिखलात तिवराची झाडं उभी आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं पेन्सिलींसारखी वर डोकावून श्वास घेतात. जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकलं जातं. पान चाटलं तर खारट लागतं. या मुळांच्या जाळीत मोठे मासे सहज शिरू शकत नाहीत, म्हणून कोळंबी आणि माशांची पिल्लं तिथे वाढतात.

पण ही जमीन स्वतःच्या वजनाने दबत असते. दरवर्षी नवा गाळ आला तरच ती टिकते, नाहीतर लाटा कडा खात जातात. कृष्णेच्या खोऱ्यात धरणं झाली आणि गाळ वाटेतच अडू लागला. त्यातलं एक आपलं, १९८० साली पूर्ण झालेलं उजनी. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारं हे धरण नसतं तर इथला ऊस आणि डाळिंब कुठून आलं असतं? धरणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण उजनीत किती गाळ साठला याची चर्चा आपण फक्त 'धरण मायनसमध्ये गेलं', म्हणजे साठा वापरायच्या पातळीखाली गेला, की करतो. तोच गाळ शेकडो किलोमीटरवरच्या तिवरांना कमी पडतो, हेही त्या चर्चेत यायला हवं.

नदीचं पाणी समुद्रात जाऊन काय करतं, हे कळायला समुद्र मोजावा लागतो. भारतात समुद्राचा पद्धतशीर अभ्यास उभा राहिला तो आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी हा महासागर पालथा घातला. भारतातर्फे उतरलेल्या जहाजांत नौदलाची एक युद्धनौका होती, 'किस्तना'. किस्तना म्हणजे कृष्णा, इंग्रजांच्या वळणाने लिहिलेली! आपल्या नदीचं नाव घेऊन ती समुद्राचं पाणी मोजत होती. जाळ्यांत सापडलेले सूक्ष्म जीव कोचीला जात आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळे केले जात. या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा इतिहास सांगताना इमारतीचं उद्घाटन सांगितलं जातं. मला या नमुन्यांच्या बरण्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. मोहिमेची भारतीय बाजू सांभाळणारे एन. के. पणिक्कर या संस्थेचे पहिले संचालक झाले. संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ची. आज ती गोव्यात दोना पावलाला आहे. मराठी विज्ञान परिषदही त्याच वर्षी मुंबईत सुरू झाली. समुद्र मोजणारे आणि विज्ञान मराठीत सांगणारे एकाच वर्षी कामाला लागले, याचा मला फार आनंद वाटतो.

बंगालच्या उपसागराबद्दल समुद्र मोजणाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट कळली. नद्यांचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं. यात गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा सर्वांत मोठा, कृष्णेचा लहान. झाकणामुळे खालचं गार पाणी सहज वर येत नाही, पृष्ठभाग तापलेला राहतो आणि तिथे तयार होणाऱ्या वादळांना ऊब मिळत राहते.

१३ ऑक्टोबर २०२०ला असंच एक खोल कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. तेलंगण आणि उत्तर कर्नाटक ओलांडत दुसऱ्या दिवशी ते आपल्या जिल्ह्याकडे सरकलं. तो पाऊस सोलापूरकर विसरलेले नाहीत. चंद्रभागा घाटांवर चढली, आणि ते पाणी पुन्हा हंसलदीवीच्या वाटेला लागलं.