डोंगर म्हणजे उलटी विहीर

आमच्याकडे डोंगरापेक्षा विहिरीच्या गप्पा जास्त. कुणाच्या विहिरीला किती फुटांवर मुरूम सुटला, कितव्या फुटाला मांजऱ्या लागला, काळ्या पाषाणात किती सुरुंग उडवले, हे माणसं लग्नाच्या मांडवातसुद्धा सांगत बसतात. मी विज्ञानाचा मास्तर. वर्गात बेसाल्टचे, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याच्या खडकाचे थर फळ्यावर काढून दाखवायचो, पण ते खरे कळले सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या रांगेच्या एका धारेवर. हात खडकात, एक पाय अर्ध्या फुटाच्या पायरीवर आणि दुसरा कुठे ठेवायचा ते सुचत नव्हतं, तेव्हा.

अजिंठ्याची रांग दक्षिणेकडून पाहिली तर डोंगर वाटतच नाही. सिल्लोडकडून कपाशी-मक्याच्या शेतांतून चालत राहायचं आणि एका जागी जमीन संपते. समोर खाली खानदेश. मधला उतार काही ठिकाणी 300 मीटरच्या आसपास आहे. या कडेच्या उत्तरेला पडलेला पाऊस तापीला जाऊन अरबी समुद्र गाठतो, दक्षिणेला पडलेला पूर्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो. सोयगाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या नकाशात असलं तरी कड्याच्या खाली आहे. त्या बाजूनं एक सोंड धरून वर चढायचं, धारेनं अर्धा-पाऊण दिवस चालायचं, दुसऱ्या सोंडेनं उतरायचं आणि पुन्हा त्याच गावात यायचं, असा आमचा फेरा होता. सोबत गावातले एक मामा होते. शेळ्या राखणारे, पायात टायरच्या वहाणा, हातात काठी.

पहिला तास नुसता उतार चढण्याचा होता. मग उभा कडा. कडा संपला की गवताळ सपाट पट्टी, पुन्हा उतार, पुन्हा कडा. सगळा डोंगर असा पायऱ्यापायऱ्यांचा. दख्खनच्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आलाय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर आला आणि एकावर एक असा पसरला. आजही या खडकानं सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापलाय. प्रत्येक वेळच्या लाव्ह्याचा एक थर, आणि प्रत्येक थराचे आत दोन स्वभाव.

मधला भाग सावकाश थंड झाला. थंड होताना आकसला आणि आकसताना उभ्या भेगा पडून त्याचे खांब झाले. हा आपला काळा पाषाण. तो झिजतो तो भेगेवरून ठोकळाच्या ठोकळा सुटून, म्हणून मागे राहणारी भिंत उभीच असते. वरचा भाग वेगळा. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि तिथेच गोठून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यानं पांढरी-गुलाबी खनिजं भरली. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास विहिरी खोदताना आणि खाणींत जे चकाकणारे गुच्छ निघतात आणि दुकानांत विकायला येतात, ते हेच झिओलाइट. विहीर खोदणारे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर कुजतो, त्याचा उतार होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो, तो गेरूसारखा लाल थर. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून झालेली ही माती, नंतरच्या लाव्ह्याखाली गाडली गेलेली.

म्हणजे विहिरीत जे खाली उतरून बघायचं, तेच इथे वर चढत बघायचं. एवढं ध्यानात आलं की कुठे चालायचं, कुठे हात लावायचे आणि कुठे पोटात गोळा येणार, हे लांबूनच सांगता येतं. हिरवा उतार दिसला की मांजऱ्या, तिथे घसारा. काळी उभी भिंत दिसली की पाषाण, तिथे कातळटप्पा. भिंतीच्या पायथ्याशी आडवी पट्टी दिसली की तिथून आडवं जायची वाट, आणि तिथेच लाल थर असेल तर ओल. भेगांतून मुरलेलं पाणी त्या चिकणमातीवर अडतं आणि आडवं बाहेर येतं. ती माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते. चढायला सगळ्यात सोपी वाटणारी सपाट पट्टी हीच पाय घसरायची जागा, हे मला फळ्यावर कधी सुचलं नव्हतं.

कातळटप्पा पंधरा-वीस फुटांचा होता. इथे आधार निवडायचा कसा? मामा दगडाला मुठीनं ठोकत होते. 'खण्' वाजला तर धरायचा, 'भद्' वाजला तर सोडायचा. त्यामागे साधं कारण आहे. मूळ खडकाशी एकजीव असलेला दगड घट्ट आवाज देतो. भेगेवरून सुटलेल्या ठोकळ्यामागे पोकळी असते, तो बोदा वाजतो. काही ठिकाणी खडक कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो, तिथे बोटं अडकवली तर पापुद्राच हातात येतो. बुडबुड्यांच्या रिकाम्या पोकळ्या असलेला खडबडीत कातळ मात्र पायाला छान धरतो. खनिजाची पांढरी गाठ दिसायला मोहक असली तरी तिच्यावर भार देऊ नये, ती मऊ असते.

पाय घसरतो की नाही, हे घर्षणांकावर, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून राहतात ते सांगणाऱ्या आकड्यावर ठरतं. घर्षणांक 1 असेल तर 45 अंशांच्या उतारापर्यंत माणूस नुसत्या पायांवर उभा राहतो. तो 0.5 वर आला की 27 अंशांच्या आसपासच पाय सुटतो. गिलोम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1699 मध्ये मांडलेला नियम शाळेत आपण शिकतो : घर्षण टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून नसतं. रबर हा नियम नीट पाळत नाही. ते खडकाच्या खाचाखोचांत दबून बसतं, म्हणून जास्त रबर टेकवलं तर फायदा होतो. टायरच्या वहाणा कोरड्या बेसाल्टवर इतक्या चालतात त्या म्हणून. (माझे बूट त्या वहाणांच्या कितीतरी पट महाग होते. मामा ते बघून हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.) खडकावर बारीक मुरूम पसरलेला असेल तर मात्र कुठलंच रबर कामाचं नाही. पाय खडकावर नसतोच, गोट्यांवर असतो.

भ्यालेला माणूस भिंतीला चिकटतो. मीही चिकटलो होतो. हातांनी कातळ दाबला की कातळही तेवढ्याच जोरानं तुम्हाला बाहेर ढकलतो, पायांवरचा जोर तिरका होतो आणि पाय सुटायच्या बेतात येतात. सरळ उभं राहून सगळं वजन तळव्यांवर दिलं तर तोच पाय धरून राहतो. समजायला सोपं, करायला अवघड. माझी उजवी पोटरी तर पिंजाऱ्याच्या तारेसारखी थडथडायला लागली. चवड्यावर ताणून उभं राहिलं की थकलेल्या स्नायूच्या प्रतिक्षिप्त क्रियेचं चक्र सुरू होतं आणि भीतीनं सुटलेलं अॅड्रिनलीन त्यात भर घालतं. टाच खाली टेकवली की बहुधा थांबतं. माझं थांबलं.

खरी परीक्षा वर होती. धार एका जागी दोन-तीन फूट रुंद उरते, दोन्ही बाजूंना काही नाही. घराच्या अंगणात दोन फुटांच्या फरशीवरून कुणीही डोळे झाकून जाईल. इथे चक्कर कशाची?

'कामून थांबले, सर?' मामांनी विचारलं.

उभा माणूस कधीच स्थिर नसतो, तो सतत थोडा डुलत असतो. हे डुलणं मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं : कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारचं संतुलनयंत्र, तळवे-सांधे-स्नायू, आणि डोळे. डोळ्यांचा हिशोब गमतीचा आहे. डोकं 2 सेंटिमीटर हललं तर 2 मीटरवरचं झुडूप नजरेत अर्ध्या अंशाहून थोडं जास्त सरकतं, ते लगेच कळतं. पण 200 मीटरवरचं झाड त्याच्या शंभराव्या भागाइतकंच सरकतं. सामान्य नजरेला एका अंशाचा साठावा भाग वेगळा काढता येतो, हे त्याहूनही कमी. म्हणजे कड्यावर डोळे उघडे असून 'तू डुलतो आहेस' ही खबर देत नाहीत. कान आणि तळवे म्हणतात हललो, डोळे म्हणतात नाही. मेंदू गोंधळतो, डुलणं आणखी वाढतं. जर्मन मज्जातज्ज्ञ थोमास ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये उंचीवरच्या चक्करेचं हे स्पष्टीकरण मांडलं. म्हणजे ही भित्रेपणाची खूण नव्हे, भूमितीची अडचण आहे. जर्मनीतल्या एका पाहणीत सुमारे 28 टक्के प्रौढांनी उंचीचा त्रास होतो असं सांगितलं होतं, तेव्हा लाजण्यासारखंही काही नाही.

मामांनी ब्रांट वाचलेला नाही. ते म्हणाले, 'खाली बगू नका, लांब बी बगू नका. ती तरवडाची फांदी हाय ना, तिच्याकडं बगा. आन् ही काठी धरा.' फांदी पाच-सहा फुटांवर होती. डोळ्यांना जवळची खूण मिळाली आणि धार खरोखर रुंद झाल्यासारखी वाटली.

काठीचं तर मला नंतर फारच नवल वाटलं. मी तिच्यावर भार दिलाच नव्हता, नुसती टेकवत चाललो होतो. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं होतं की बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला 1 न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे जेमतेम 100 ग्रॅम वजनाइतक्या जोरानं टेकवलं तरी डुलणं बरंच कमी होतं. एवढ्याशा जोरानं शरीर सावरत नाही, पण मेंदूला खबर मिळते. काठी हा आधार कमी आणि ज्ञानेंद्रिय जास्त.

हे सगळं कळलं म्हणून धोका कमी होत नाही, हेही सांगून टाकतो. 10 मीटरवरून पडायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही आणि खाली पोचताना वेग ताशी 50 किलोमीटर झालेला असतो. कातळटप्प्यावर दोर, डोक्यावर हेल्मेट आणि वाट ठाऊक असलेला माणूस हवाच. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. आभाळ गडगडायला लागलं की धार सोडायची, वर काय बघायचं राहिलं याचा विचार करायचा नाही.

जुन्या लोकांना हे थरांचं गणित उत्तम कळत होतं. ज्याला चढणं अवघड करायचंय त्याला आधी चढणं कळावं लागतं. देवगिरीला त्यांनी डोंगराच्या पायऱ्याच तासून काढल्या. सुमारे 50 मीटर उंचीची सरळ भिंत केली, हात ठेवायला जागा उरू दिली नाही. बनोटीजवळच्या सुतोंड्याला किल्ल्याला डोंगराशी जोडणारी धारच खोदून तोडली आणि त्या खिंडीत कातळातच दरवाजा कोरला. आम्ही ज्या धारेवरून जीव मुठीत धरून गेलो, तसलीच धार त्यांनी मुद्दाम नाहीशी केली.

उतरणीला गुडघ्यांनी दाद मागितली. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतात, त्यात त्यांचे तंतू दुखावतात. त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. मी तीन दिवस वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं.

गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मामांनी त्यांच्या विहिरीवर नेलं. कठड्यावरून वाकून पाहिलं : वर हातभर माती, खाली मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या, त्याखाली उभ्या भेगांचा काळा पाषाण, आणि त्याच्या तळाशी वीतभर लाल पट्टा. त्या पट्ट्याच्या बरोबर वरून चहूबाजूंनी पाणी पाझरत होतं. सकाळी ज्या पाण्यावरून माझा पाय घसरला होता, तसलंच. मामांनी बादली सोडली, दोर सरसरत गेला आणि बऱ्याच वेळानं खाली 'डुब्' वाजलं.