पाखरांचं ऊन खाणं
एप्रिलची सकाळ, दहा वाजून गेलेले. सेमिनरी हिल्सजवळच्या एका आवारात जास्वंदीच्या आळ्यापाशी सातभाई कलंडलेला दिसतो. डावा पंख मातीवर पसरलेला, शेपटी फाकलेली, डोक्यावरची पिसं विस्कटलेली, चोच उघडी. नागपूरच्या उन्हाळ्यात पाखरं उष्माघाताने खरोखरच पडतात, म्हणून काळजात चर्र होतं आणि आपण पाण्याची वाटी घेऊन धावतो. चार पावलांवर पोचताच तो टुणकन उठतो, अंग झटकतो, कुंपणावर बसून चोचीने पिसं विंचरू लागतो. तो ऊन खात होता.

अभ्यासकांना कोडं पडलं ते कारणाचं. पहिला तर्क उबेचा, आणि तो खोटा नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. असल्या गारठ्यात भारद्वाज सकाळी उंच फांदीवर तांबूस पंख उघडून बसतो, ते उबेसाठीच. त्याच्याच कोकीळकुळातला रोडरनर अमेरिकेच्या वाळवंटात राहतो. त्याच्यावरचं ओमार्ट आणि लासिएव्स्की यांचं संशोधन १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. रात्री हा पक्षी अंगाचं तापमान थोडं उतरू देतो. उजाडल्यावर पाठीची पिसं उभारून खालची काळी कातडी सूर्याकडे धरतो. अंग तापवायला लागणारी शक्ती तेवढीच वाचते.

पण धापा टाकणारा सातभाई सावली सोडून भर तपनीत का येतो? इथे ऊब हे उत्तर पुरत नाही. संशय पिसांतल्या उवांवर गेला. १९९३ मध्ये चार्ल्स आणि लिअन ब्लेम यांनी भिंगऱ्यांवर प्रयोग केला: औषधाने उवा काढलेल्या भिंगऱ्या इतरांपेक्षा कमी ऊन खाऊ लागल्या. पुढे १९९५ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या पिसांवरच्या उवा उन्हात सावलीपेक्षा जास्त मरतात, असंही दिसलं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर गहू-डाळींना ऊन दाखवतात ते किडे-सोंडे जावेत म्हणूनच ना? पाखरू आपल्या पिसांना ऊन दाखवतं. उष्णतेने उवा हलू लागतात आणि लगेच चोचीची साफसफाई सुरू होते. पिसांवरच्या तेलातून ड जीवनसत्त्व मिळतं, हाही एक जुना तर्क. मला मात्र उवांचं कारण अधिक पटतं.

गिधाडांची गोष्ट निराळी. सूर्याकडे झेपावलेल्या संपातीचे पंख करपले, अशी रामायणातली कथा. खऱ्या गिधाडांचे पंख मात्र ऊनच नीट करतं. भरारीत वाकलेली त्यांची मोठी पिसं सावलीत सरळ व्हायला तास लागतात, उन्हात काही मिनिटं पुरतात, हे डेव्हिड ह्यूस्टन यांनी १९८० मध्ये मांडलं.

तेव्हा आडवा पडलेला पक्षी दिसला, तर आधी लांबूनच पाच मिनिटं पाहावं. ऊन खाणारा आपण दोन पावलं पुढे होताच उडतो. उष्माघात झालेला जागचा हलत नाही. वाटी त्याच्यासाठी.